चारशेवीसचा आरोप आणि निळीचे रोप

२६ नोव्हेंबर २०२४ रोजी सायंकाळी वर्कशॉपमध्ये सनमायका कापत असताना पोलीस ठाण्यातून फोन आला आणि ‘तुमच्याविरुद्ध चारशेवीसचा अर्ज आहे, उद्या अकरा वाजता या,’ एवढे सांगून तो बंद झाला. सांगली जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी मी गेली चौदा वर्षे फर्निचरची कामे घेतो. ‘चारशेवीस’ हा शब्द तोवर मी निकृष्ट प्लायवूड गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांसाठी वापरत आलो होतो. तो आपल्या नावापुढे लागेल, असे कधी मनातही आले नव्हते. त्यानंतरचे वर्ष कसे गेले ते तारखांसह लिहून ठेवत आहे. अशा प्रसंगात सापडलेल्या माणसाला कायद्यापेक्षाही आधी ‘आता पुढे काय होणार?’ हे कोणीतरी सांगावे असे वाटत असते, आणि मला ते सांगणारे कोणी नव्हते.

आधी मूळ व्यवहार सांगतो, कारण पुढे सगळे त्यावरच फिरले. एका सेवानिवृत्त गृहस्थांच्या नव्या बंगल्याचे काम मी ९ लाख ८० हजार रुपयांना घेतले होते आणि १२ जानेवारी २०२४ रोजी त्यांनी माझ्या चालू खात्यावर ४ लाख ५० हजार रुपये ॲडव्हान्स पाठवला होता. त्यातून २ लाख १८ हजारांचे प्लायवूड व लॅमिनेट आणि ६४ हजारांचे हार्डवेअर आले, ५८ हजार मजुरीत गेले. फेब्रुवारीत स्वयंपाकघराच्या ट्रॉल्या बसल्या, कपाटांचे अकरा सांगाडे वर्कशॉपमध्ये उभे राहिले. मार्चमध्ये वडिलांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली आणि उरलेले १ लाख १० हजार मी रुग्णालयात भरले. त्याच सुमारास होळीला गावी गेलेले माझे दोन्ही राजस्थानी कारागीर परत आले नाहीत. इथपर्यंत नशीब म्हणता येईल. पुढचे मात्र माझेच. मी त्या गृहस्थांना खरी अडचण सांगितली नाही. ‘पुढच्या आठवड्यात माणसे येतात,’ असे चार वेळा सांगितले आणि नंतर त्यांचा फोन घेणेच बंद केले. ज्यांना मी काका म्हणत होतो, त्यांचे नाव मोबाइलवर दिसले की पोटात गोळा येई आणि मी फोन उपडा ठेवून देई.

पोलीस ठाण्यात समजले की अर्ज ऑक्टोबरमध्येच आला होता. विधानसभा निवडणुकीच्या बंदोबस्तामुळे तो पडून राहिला होता. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात अशा गुन्ह्याची) माहिती मिळाली की गुन्हा नोंदवणे पोलिसांवर बंधनकारक आहे, मात्र व्यापारी स्वरूपाच्या व्यवहारात आधी प्राथमिक चौकशी करता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात सांगितलेले आहे. माझी ती चौकशीच चालू होती, परंतु हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. आता आत टाकतात की काय, या भीतीने मी ‘३१ डिसेंबरपर्यंत संपूर्ण रक्कम परत करीन’ असे लिहून देऊन सुटका करून घेतली. खात्यात तेव्हा तीस हजारही नव्हते. हातात पैसे नसताना ठाण्यात बसून तारीख लिहून देणे ही या सगळ्या प्रवासातील माझी सर्वांत महाग चूक ठरली. चौकशीला बोलावले तर जावेच, परंतु ‘माझे म्हणणे कागदपत्रांसह आठ दिवसांत लेखी देतो,’ असा अर्ज देऊन त्याच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही असलेली पोच घेता येते. ते मला पुढे वकिलांनी शिकवले.

३१ डिसेंबर गेला. १८ फेब्रुवारी २०२५ रोजी गुन्हा नोंदला गेला. प्रथम खबरी अहवालाची प्रत मला महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावरून मिळाली; संवेदनशील प्रकरणे वगळता हे अहवाल तेथे टाकले जातात, त्यामुळे प्रतीसाठी कोणाची मनधरणी करावी लागत नाही. त्यात काका ‘फिर्यादी’ झाले होते आणि मी ‘यातील आरोपी’. कलमे भारतीय दंड संहितेची ४२० आणि ४०६ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे आणि तिच्यात ठकवणुकीसाठी कलम ३१८ आहे, मग जुनी कलमे कशी, असे मला वाटले. कृत्य ज्या दिवशीचे, त्या दिवशीचा कायदा लागतो, हे त्याचे उत्तर. पैसे जानेवारी २०२४ चे म्हणून गुन्हा जुन्या संहितेखाली, आणि कार्यवाही मात्र नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे, अशी माझ्या कागदांची खिचडी अखेरपर्यंत राहिली.

वकीलसाहेबांकडे मी दुसऱ्याच दिवशी गेलो. मी वडिलांच्या आजारपणापासून सुरुवात केली, तर त्यांनी हात वर करून थांबवले आणि विचारले, “ते मार्चमधले. मला १२ जानेवारीचे सांगा. त्या दिवशी तुमच्याकडे कारागीर किती होते? आणखी किती जणांचा ॲडव्हान्स अंगावर होता? त्यांची कामे पूर्ण झाली का? कोटेशनवरचा जीएसटी क्रमांक खरा आहे ना? करता येणार नाही असे एखादे काम ‘करतो’ म्हणून पैसे घेतलेत का?” प्रश्नांचा हा मारा अर्धा तास चालला. मला तेव्हा राग आला, कारण फिर्यादीच्या वकिलासमोर बसल्यासारखे वाटत होते. मग त्यांनी कपाटातून दंड संहितेचे जीर्ण पुस्तक काढले आणि ठकवणुकीची व्याख्या देणाऱ्या कलम ४१५ खालचे एक उदाहरण वाचायला दिले.

त्या उदाहरणात निळीचे रोप आहे. १८६० चा कायदा, त्यामुळे उदाहरणेही निळीच्या व्यापाराची. एक जण दुसऱ्याला निळीची अमुक रोपे देतो असे भासवतो, देण्याचा त्याचा मुळात इरादाच नसतो, आणि त्या भरवशावर तो आगाऊ रक्कम घेतो; ही ठकवणूक. पण पैसे घेताना माल देण्याचा त्याचा इरादा असेल आणि नंतर त्याने करार मोडून माल दिला नाही, तर ती ठकवणूक होत नाही. तो केवळ करारभंगाच्या दिवाणी दाव्यास पात्र ठरतो. हे उदाहरण नव्या संहितेतही तसेच ठेवले आहे. वकीलसाहेब म्हणाले, “निळीच्या जागी कपाटे घाला, म्हणजे तुमची केस झाली. आपल्याला एकच गोष्ट दाखवायची आहे, १२ जानेवारीला तुमच्या मनात काय होते ते. आणि मन दाखवता येत नाही, म्हणून बिले दाखवायची.”

ती रात्र मी बऱ्याच दिवसांनी झोपलो. सुटणार म्हणून नव्हे. निदान आपल्यावर नेमका आरोप काय आहे, हे कळले म्हणून.

कलम ४०६ चे, म्हणजे फौजदारीपात्र न्यासभंगाचे, उत्तर वेगळे होते. न्यासभंगात वस्तू आधी विश्वासाने सोपवलेली असते आणि मन नंतर बिघडते; ठकवणुकीत मन सुरुवातीपासूनच खोटे असते. एकाच व्यवहारातून एकाच वेळी दोन्ही गुन्हे घडू शकत नाहीत, असे सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लबच्या प्रकरणात पुन्हा स्पष्ट केले होते. कामाच्या किमतीपोटी दिलेला ॲडव्हान्स ही सोपवलेली ठेव नव्हे, हा आमचा मुद्दा. तरीही रुग्णालयात भरलेले १ लाख १० हजार माझ्या मनातून जात नव्हते. कायद्याच्या भाषेत तो पैसा माझा झाला होता, हे खरे. काकांच्या नजरेतून पाहिले तर त्यांच्या कपाटांच्या पैशातून माझ्या घरचे बिल गेले होते, हेही खरे.

पुढचे दोन दिवस फाईल तयार करण्यात गेले. बँकेचा जानेवारी ते एप्रिल २०२४ चा शिक्क्यासह उतारा, जीएसटीची बिले, टेम्पोच्या पावत्या, मजुरीची व्हाउचर्स, ट्रॉल्या बसवतानाचे फोटो, त्याआधीच्या वर्षात पूर्ण केलेल्या सात कामांची बिले, रुग्णालयाची पावती. व्हॉट्सॲपचे संभाषण मी खजील होऊन पुसून टाकण्याच्या बेतात होतो. वकीलसाहेबांनी बजावले की एक अक्षरही पुसायचे नाही आणि फोनही बदलायचा नाही. छापील प्रतीसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते आणि मूळ फोन कधीही मागितला जाऊ शकतो. त्याच संभाषणात काकांनी स्वतः सनमायकाचा रंग दोनदा बदलल्याचे आणि मी त्यांना सांगाड्यांचे फोटो पाठवल्याचे निघाले. माझ्या थापाही त्यातच होत्या. दोन्ही तसेच दाखल केले.

२१ फेब्रुवारीला सांगलीच्या जिल्हा व सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज दाखल झाला. येथे क्रमांकांचा एक मजेशीर घोळ आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ४८२ म्हणजे गुन्हा रद्द करण्याचा उच्च न्यायालयाचा अधिकार आणि ४३८ म्हणजे अटकपूर्व जामीन. नव्या नागरिक सुरक्षा संहितेत ४८२ म्हणजे अटकपूर्व जामीन आणि रद्द करण्याचा अधिकार ५२८ मध्ये गेला. ‘चारशे ब्याऐंशी टाकले का?’ असे कोणी विचारले की बार रूममध्ये आधी ‘जुने की नवे?’ असा प्रश्न येई. पत्नी बिचारी महिनाभर माझा गुन्हा रद्द होणार असेच समजत होती.

सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात सरसकट अटक करू नये, आधी हजर राहण्याची नोटीस द्यावी, असे २०१४ च्या अर्नेश कुमार निकालापासून बंधन आहे, आणि ४२० ची कमाल शिक्षा सात वर्षेच आहे. मला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५(३) ची तशी नोटीस २० तारखेला हातोहात मिळालीही होती. मग जामिनाचा खर्च कशाला, असे मी विचारले. नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्यालाही कारणे नोंदवून अटक करता येते आणि तुम्ही आधीच एक लेखी तारीख मोडली आहे, हे वकीलसाहेबांचे उत्तर ऐकून मी गप्प बसलो. फी ३५ हजार ठरली, दोन हप्त्यांत. स्टँप, टायपिंग, झेरॉक्स मिळून आणखी सुमारे दोन हजार लागले.

त्याच दिवशी ४ मार्चपर्यंत अटकेपासून अंतरिम, म्हणजे तात्पुरते, संरक्षण मिळाले. ४ मार्चला पोलिसांचा ‘से’, म्हणजे लेखी म्हणणे, आला नाही म्हणून ११ मार्च. न्यायालयात पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की अकराला बोलावले म्हणजे अकराला काम निघते असे नाही. बोर्डावर आपला क्रमांक पाहून ठेवावा, फोन बंद करावा आणि पुकारा ऐकू येईल एवढ्या अंतरावर बसावे. काका तिसऱ्या बाकावर बसले होते. आमची नजरानजर झाली आणि दोघांनीही मान फिरवली.

सरकारी वकिलांनी ३१ डिसेंबरची मुदत दिलेला माझा लेखी कागद वाचून दाखवला आणि रक्कम वसूल करण्यासाठी आरोपी ताब्यात हवा, असे सांगितले. फिर्यादीतर्फे खासगी वकिलांनीही हस्तक्षेप केला. त्यावर आमचे म्हणणे असे होते की जामीन ही वसुलीची यंत्रणा नाही. ठकवणुकीच्या प्रकरणात पैसे भरण्याची अट सरसकट घालू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये रमेश कुमार प्रकरणात सांगितले आहे. माझ्या मनात मात्र ‘काहीतरी भरतो म्हणा’ असे चालले होते आणि तसे मी वकीलसाहेबांच्या बाहीला धरून सांगितलेही. त्यांनी पाहिलेसुद्धा नाही. बाहेर आल्यावर म्हणाले, “पैसे जरूर द्या, पण हिशेब होऊन द्या. घाबरून आकडा बोललात तर तो डिसेंबरच्या कागदाचा भाऊ होईल.”

१२ मार्चला, होळीच्या आदल्या दिवशी, अर्ज मंजूर झाला. २५ हजारांचा जातमुचलका (स्वतःचे हमीपत्र) आणि तितक्याच रकमेचा एक जामीनदार, दर रविवारी दहा ते एक पोलीस ठाण्यात हजेरी, साक्षीदारांवर दबाव न आणणे, अशा अटी होत्या. अनेकांना ठाऊक नसते की अटकपूर्व जामीन मिळाल्यावरही कागदोपत्री अटक दाखवून सोडण्याची पद्धत आहे. १७ मार्चला माझ्या दहा बोटांचे ठसे घेतले गेले आणि दोन तासांत मी बाहेर आलो. जामीनदार म्हणून धाकटे मामा आले होते. त्यांचे आधार कार्ड, सातबारा आणि फोटो आधीच तयार ठेवले होते म्हणून दोन तासांत काम झाले. ठशांची शाई साबणाने निघाली नाही. वर्कशॉपमधले थिनर लावले तेव्हा निघाली.

तपास एप्रिलमध्ये झाला. तपासी अंमलदारांनी वर्कशॉपचा पंचनामा केला, अकरा सांगाडे मोजले, प्लायवूडवरचे शिक्के बिलांशी ताडून पाहिले, विक्रेत्याचा जबाब घेतला. मी प्रत्येक कागद यादी करून, पोच घेऊन दिला. सलग सहा रविवारी हजेरी झाली. मे महिन्यात न्यायालयाला सुट्टी होती आणि मलाही कोणी बोलावले नाही. हा काळ सर्वांत जड गेला, कारण करण्यासारखे काही नव्हते आणि दोन जुन्या ग्राहकांनी चौकशी ऐकून कामे काढून घेतली होती.

दरम्यान दोन पर्यायांची चर्चा झाली. एक, गुन्हा रद्द करण्यासाठी उच्च न्यायालयात जाणे. सांगलीकरांना त्या वेळी त्यासाठी मुंबई गाठावी लागत असे. (कोल्हापूरचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झाले, तोवर आमचे काम दुसऱ्या वाटेला लागले होते.) दोन, आरोपपत्र दाखल झालेच तर न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे दोषमुक्तीचा, म्हणजे खटला चालण्याआधीच आरोपातून वगळण्याचा, अर्ज करणे; नव्या संहितेत त्याला आरोपपत्राच्या प्रती मिळाल्यापासून साठ दिवसांची मुदत आहे. वकीलसाहेबांनी तिसरा सल्ला दिला, थांबण्याचा. पैसे नंतर परत केल्याने मुळात घडलेला गुन्हा पुसला जात नाही, हेही त्यांनी तेव्हाच स्पष्ट केले. माझ्या बाजूने काही असेल तर ती १२ जानेवारीनंतरच्या पंधरवड्यातली बिले होती.

९ जुलैला पोलिसांनी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे ‘क’ समरी पाठवली. महाराष्ट्रात तपासाअंती आरोपपत्र द्यायचे नसेल तर समरी अहवाल जातो. गुन्हा खरा पण छडा लागत नसेल तर ‘अ’, फिर्याद जाणूनबुजून खोटी असेल तर ‘ब’, आणि वस्तुस्थितीच्या गैरसमजातून दिलेली किंवा दिवाणी स्वरूपाची असेल तर ‘क’. मी उत्साहाने ‘ब’ का नाही, असे विचारून बसलो. वकीलसाहेब चष्म्यावरून पाहत म्हणाले, “काकांनी खोटे काय सांगितले, ते मला दाखवा.” दाखवण्यासारखे काही नव्हते.

समरी पाठवली म्हणजे प्रकरण संपले असे नाही. न्यायालय फिर्यादीला नोटीस काढते, तो हरकत घेऊ शकतो आणि न्यायालय अहवाल नाकारून पुढील तपासाचा आदेशही देऊ शकते. ५ ऑगस्टला काकांनी हरकत घेतली. त्यांच्या अर्जातील एक वाक्य मला पाठ आहे, ‘आरोपीने फोन उचलला असता तर मी पोलिसांत गेलो नसतो.’

ते वाचून मी वकीलसाहेबांच्या परवानगीने तालुका विधी सेवा समितीकडे दावा दाखल होण्यापूर्वीचे प्रकरण म्हणून अर्ज दिला. त्याला फी नाही. सप्टेंबरच्या राष्ट्रीय लोक अदालतीत आम्ही दोघे एका टेबलाशी बसलो. बसवलेल्या ट्रॉल्यांची किंमत १ लाख ३५ हजार धरली गेली. सांगाडे त्यांना नको होते, कारण तोवर दुसऱ्या सुताराने कपाटे करून दिली होती. उरलेल्या ३ लाख १५ हजारांपैकी २ लाख ७५ हजारांवर तडजोड झाली, एक लाख त्याच दिवशी आणि ३५ हजारांचे पाच मासिक हप्ते. धनादेश न देता बँकेतून थेट रक्कम पाठवायचे ठरवले, कारण एखादा धनादेश न वटल्यास नवे प्रकरण उभे राहिले असते. लोक अदालतीच्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचा दर्जा असतो आणि त्यावर अपील नाही, त्यामुळे सही करण्यापूर्वी आकडे आणि तारखा दोनदा वाचाव्यात. पहिले एक लाख मी पत्नीचे गंठण गहाण ठेवून उभे केले.

दिवाळीच्या सुट्टीनंतर, ४ नोव्हेंबर २०२५ रोजी, काकांनी हरकत मागे घेतली आणि ‘क’ समरी मंजूर झाली. आठ दिवसांनी आदेशाची प्रमाणित नक्कल मिळाली. तिच्या चार प्रती करून ठेवल्या आहेत, कारण पोलिसांच्या नोंदीत गुन्हा क्रमांक राहतो आणि चारित्र्य पडताळणीच्या वेळी आदेश आपणच दाखवावा लागतो. वकिलांची फी एकूण ६० हजार, किरकोळ खर्च सुमारे सात हजार, आणि वहीत मांडलेले बुडालेले दिवस तेवीस.

शेवटचा हप्ता फेब्रुवारीत गेला. त्यानंतर चार दिवसांनी, सकाळी सव्वानऊला, फोनवर काकांचे नाव आले. पोटात गोळा आलाच. पहिल्या रिंगला उचलला. खालच्या ट्रॉलीचे चॅनेल अडकते आहे, वेळ मिळाला तर येऊन पाहून जा, असे ते म्हणाले. मी दुपारी गेलो. एक स्क्रू सैल झाला होता.